गोड्या विहिरीचे कुंपण

टाकळी, माघ वद्य दशमी, शके १७८५

राजश्री मोरोपंत वकील, मुक्काम अकोला, यांस टाकळीच्या खुशालराव पाटलाचा रामराम.

इकडे सर्व क्षेम असे लिहिण्याचा प्रघात आहे, पण क्षेम असते तर पत्र कशाला लिहिले असते. हे पत्र मी माझ्या हाताने लिहिले आहे. अक्षर कोंबडीने उकरल्यासारखे आले आहे, ते लावून घ्या. लिहिणारा माणूस गावात आहे, पण तो सकाळी माझे पत्र लिहील आणि दुपारी महादेवरावांना त्यातले सगळे सांगून येईल.

महादेवराव म्हणजे पूर्णा कापूस कंपनीचे इथले कारभारी. कंपनी मुंबईची. दिवाळीत तिने सरकी काढण्याचे आणि गाठी दाबण्याचे वाफेचे यंत्र आमच्या गोड्या विहिरीशेजारी आणून बसवले. तुमचे वडील आमच्या गावचे जोशी, तुम्ही लहानपणी याच पाण्यावर वाढलात. आमच्या मुलखात खणाल तिथे खारे पाणी लागते, जनावरसुद्धा तोंड फिरवते. गोडी विहीर एवढी एकच. ती सोडली तर पूर्णा नदी, दोन कोसांवर. खाऱ्या पाण्याने कंपनीच्या बंबात चुन्यासारखे पुटे धरतात म्हणून तिला हीच विहीर पाहिजे होती.

आता कंपनीने विहिरीभोवती कुंपण घातले आहे, फाटकावर शिपाई बसवला आहे, आणि गावाला घागरीमागे एक पैसा पडतो. महादेवराव म्हणतात, अमेरिकेतल्या लढाईने तुमच्या कापसाला सोन्याचा भाव आला, मग एका पैशाचे काय मोठे. कापूस विकणाऱ्याला मोठे नसेलही. वेचणाऱ्या बायांना आहे. पुंजाराम आणि त्याचा महारवाडा विहिरीपासून लांब उभा राहायचा आणि आमच्या बायका त्यांच्या मडक्यांत वरून पाणी घालायच्या. विकतचे पाणी आता कोणी घालत नाही.

तेव्हा कापसाच्या कंपनीला पाणी विकता येते का, एवढेच सांगा. आणखी एक विचारतो, राग मानू नका. अकोल्यात सगळे कंपनीचे मीठ खातात असे ऐकतो. तुम्ही कोणाचे वकील?

उत्तर लाखेने बंद करून पाठवा. लाख फुटलेली दिसली तर मी समजेन.

खुशालराव


अकोला, फाल्गुन शुद्ध द्वितीया, शके १७८५

राजमान्य खुशालराव पाटील यांस मोरोपंताचा नमस्कार.

लाख दोन ठिकाणी लावली आहे, एक टपालवाल्यासाठी आणि एक तुमच्या समाधानासाठी.

'एवढेच सांगा' म्हणणारा पक्षकार भेटला की मला धडकी भरते. तरी सांगतो. तुम्ही माणूस आहात. कायद्याने मना केले नाही ते सगळे तुम्हाला करता येते. उद्या पाटीलकी सोडून हुरडा विकायला बसलात तरी सरकार काही म्हणणार नाही, गाव म्हणेल. कंपनीचे तसे नाही. कंपनी कागदाने जन्मते. कशासाठी जन्मली ते त्या कागदात लिहावे लागते, आणि तेवढेच तिला करता येते. पेरायला केलेल्या पाभरीने नांगरता येत नाही, तसेच हे. सरकार शहरोशहरी कमिट्या नेमू लागले आहे, त्यांनाही हाच नियम. दिवे लावायला नेमलेल्या कमिटीने लग्ने लावू नयेत.

कंपनीच्या स्थापनेचा कागद मुंबईस सरकारात ठेवलेला असतो, फी भरली की कोणालाही नक्कल मिळते. ती मी मागवली आहे. त्यात पाणी विकण्याचे नाव नसेल, तर अमरावतीच्या डिप्टी कमिशनर साहेबांपुढे अर्ज करू.

आता माझा प्रश्न. विहीर कंपनीच्या हातात गेली कशी? कोणी दिली, काय बोलून दिली, कागद झाला का? वैद्यापुढे आणि वकिलापुढे पडदा ठेवू नये असे जुने लोक सांगत. वैद्याचे औषध तरी एखादे वेळी चुकून लागू पडते.

मी कोणाचा वकील, असे विचारलेत. जो मला खरी हकीकत सांगतो त्याचा. आजवर असे फार थोडे भेटले आहेत.

गोदाबाईंना माझा नमस्कार सांगा. त्यांच्या हातची आंबील अजून आठवते.

मोरोपंत


टाकळी, फाल्गुन शुद्ध त्रयोदशी, शके १७८५

राजश्री मोरोपंत यांस खुशालरावाचा रामराम.

पत्र पावले. लाख शाबूत होती, पण एका बाजूने जरा मऊ वाटली. असो.

विहीर कंपनीकडे कशी गेली म्हणता? गावात आज जो तो कंपनीकडेच चालला आहे. गाड्या तिकडे, मजूर तिकडे, विहीरही तिकडे. साहेबाने मोजणी केली, खांब ठोकले, झाले. यात आणखी काय सांगायचे? तुम्ही पाण्याचे विचारायचे सोडून माझेच का विचारता, हे मला कळले नाही. ज्याला फिर्यादीचा जबाब घ्यायची एवढी हौस, तो कोणाच्या बाजूने जबाब घेतो, असे कोणाच्याही मनात येईल.

मनात येण्याला कारणही आहे. आमचे तिवशाचे पाहुणे परवा सांगत होते, की अकोल्याच्या वाटेवर महादेवराव आणि तुम्ही एका दमणीत बसून चालला होता. दोघे हसत होता असेही ते म्हणाले. मी यावर काही बोलत नाही.

इकडे गोदा आत्याने गावात करमणूक केली. सकाळी घागर घेऊन फाटकाशी गेली. शिपाई पैसा मागू लागला. आत्या म्हणाली, "पैसा काहून? इहीर का तुह्या बापानं खंदली?" तो म्हणाला, कंपनीची आहे. तिने विचारले, "मंग कंपनी कुठी हाये? बोलाव तिले बाहीर, मले तिच्याशी बोलाचं हाये." तिथे जमलेल्या बाया हसल्या, शिपायालाही हसू आवरले नाही. पण घागर रिकामी ती रिकामीच. तशीच उचलून ती घरी आली आणि माझ्याशी दिवसभर बोलली नाही.

मी कंपनीच्या हापिसात खुर्चीवर बसून महादेवरावांना समजावून पाहिले. ते म्हणाले, साहेबाला लिहितो. लिहितो म्हणजे लिहीत नाही.

अर्ज लवकर करा. उन्हाळा तोंडावर आला आहे.

खुशालराव


अकोला, फाल्गुन वद्य अष्टमी, शके १७८५

राजमान्य खुशालराव पाटील यांस मोरोपंताचा नमस्कार.

मुंबईहून नक्कल आली. कंपनी 'कापूस विकत घेणे, सरकी काढणे, दाबणे, वाहून नेणे आणि त्यास लागणाऱ्या इमारती बांधणे' यासाठी आहे. पाणी विकण्याचा त्यात एक शब्द नाही. अर्ज अमरावतीस दाखल केला. सुनावणी गुढीपाडव्यानंतर आहे.

आता दमणीचे. माझ्या गाडीचा आस बोरगावाजवळ मोडला, मागून महादेवराव आले, त्यांनी बसवून घेतले. भर उन्हात एका वकिलाला सडकेवर सोडून जाण्याइतका तो माणूस वाईट नाही, आणि पायी चालण्याइतका मी शूर नाही. हसलोही असेन. त्याने बायकोच्या माहेरची गोष्ट सांगितली, ती खरोखर हसण्यासारखी होती.

पण वाटेत त्याने आणखी एक गोष्ट सांगितली. तो म्हणाला, "विहीर आम्ही कुठे बळकावली? तुमच्या पाटलानेच सही करून दिली." मी ते मानले नाही. समोरच्या पक्षाचा कारभारी मला गाडीत बसवून असे सांगतो, तो आपल्यात फूट पाडायलाच, असे मी धरून चाललो आहे. ते खोटे आहे, एवढी एक ओळ तुमच्या हातची पाठवा, म्हणजे मला झोप लागेल.

तुमची आणखी एक गोष्ट मनात घोळते आहे. कंपनीच्या हापिसात आपल्याकडच्या माणसांना उभे ठेवतात असे ऐकून आहे. तुम्हाला खुर्ची कशी?

मोरोपंत


टाकळी, चैत्र वद्य पंचमी, शके १७८६

मोरोपंत वकील यांस.

तुमच्या मागच्या पत्राला उत्तर दिले नाही. सुनावणीलाही आलो नाही. गाड्या भरायच्या होत्या.

निकाल कळला. कंपनीला पाणी विकायचा अधिकार नाही, पैसा घेणे बंद करावे, असा हुकूम झाला. ज्या दिवशी बातमी आली त्या दिवशी गावाने हलगी वाजवली आणि तुमच्या नावाने नारळ फोडला. मीही फोडला.

दुसऱ्या दिवशी महादेवरावांनी फाटकाला कुलूप लावले. मी विचारले, हे काय? ते म्हणाले, "पाटील, साहेबांचा हुकूम आम्ही शिरसावंद्य मानला. कंपनीला पाणी विकता येत नाही. मग फुकटही देता येत नाही. आमच्या कागदात दानधर्म कुठे लिहिला आहे? विहीर कंपनीची, कंपनी भागीदारांची. त्यांची मालमत्ता मी वाटू लागलो तर उद्या तेच माझ्यावर फिर्याद करतील." आणि हे सगळे फार गोड बोलून.

आता बाया पहाटे निघतात आणि पूर्णेवरून पाणी आणतात. नदीत डबके उरले आहे, त्यातले. परवा पार्बताबाईची सून, सातवा महिना भरलेली, वाटेत घागरीसकट पडली. बाई वाचली, मूल गेले.

पैसा देऊन का होईना, पाणी मिळत तरी होते. तुम्ही ते बंद केले. माझ्या अडाणी डोक्यात एकच येते. कंपनीच्या कारभाऱ्याला हा कायदा शिकवला कोणी? अर्ज तुम्ही केलात, युक्तिवाद तुम्ही केलात, आणि त्याच युक्तिवादाचे कुलूप करून त्यांनी आमच्या तोंडाला लावले. एका दमणीत बसणाऱ्यांना एकमेकांचे मुद्दे कळायला वेळ लागत नाही.

माझे कागद परत पाठवा. यापुढे माझे मी पाहून घेईन.

खुशालराव


अकोला, चैत्र वद्य द्वादशी, शके १७८६

राजमान्य खुशालराव पाटील यांस मोरोपंताचा नमस्कार.

पार्बताबाईंच्या सुनेचे वाचून घरात कोणी जेवले नाही. माझ्या पत्नीने तिला लहानपणी पाहिले आहे. म्हणून तुमच्या पत्राचा जो राग आला होता तो बाजूला ठेवून लिहितो, पण सगळा बाजूला राहील असे नाही.

मी त्यांना काही शिकवले नाही. तो मुद्दा त्यांना सुचला, कारण तो तिथे होताच. मलाही दिसायला हवा होता. दिसला असता, जर विहीर कशी गेली हे मला माहीत असते. कंपनीच्या वकिलाने कचेरीत एक कागद ठेवला. 'विहीर व भोवतालची जागा दाबाच्या कामासाठी कायमची दिली.' खाली तुमची सही. अक्षर कोंबडीने उकरल्यासारखे होते, म्हणून मला ओळखायला क्षणही लागला नाही. त्याच कागदाने तुम्ही कंपनीचे स्थानिक पंच झालात आणि तुम्हाला खुर्ची मिळाली. गावाने पूर्वीसारखे पाणी भरावे, असे महादेवराव नुसते तोंडाने म्हणाले असतील. कागदात ते नाही.

भर कचेरीत ते वाचताना मी कसा उभा राहिलो ते मलाच ठाऊक. ताकाला जाऊन भांडे लपवले तर ताक कुठे घ्यायचे? तुम्ही मला अर्धे सांगितलेत, म्हणून मी अर्धेच जिंकलो.

तुम्हाला हे का करावेसे वाटले असेल, ते मी समजू शकतो. खुर्ची लहान गोष्ट नाही. मला स्वतःला अजून साहेबापुढे बसायला मिळालेले नाही.

आता एकच वाट उरली आहे, आणि ती तुमच्यातून जाते. कंपनीचा अधिकार किती, हे आपण पाहिले. तुमचा किती होता, हे कोणी पाहिले नाही. माझी आई सांगत असे, की टाकळीला गोडे पाणी लागले तेव्हा तुमच्या आजीने विहिरीचा उत्सर्ग केला आणि संकल्प माझ्या वडिलांनी सांगितला. उत्सर्ग म्हणजे शास्त्राप्रमाणे विहीर सर्व प्राणिमात्रांसाठी सोडून देणे. ते खरे असेल तर त्या दिवसापासून विहीर तुमच्या घराची राहिली नाही. जे तुमचे नव्हते ते तुम्हाला देता येत नव्हते, आणि तुम्हाला देता येत नव्हते ते कंपनीला मिळाले नाही.

पण हे मी बोलून भागणार नाही. सही तुमची आहे. तुम्ही स्वतः कचेरीत येऊन सांगितले पाहिजे, की मी पाटील असलो तरी मला हा अधिकार नव्हता. खुर्ची जाईल. कंपनी तुमच्यावर फसवणुकीचा दावा करीन म्हणेल. तुमच्याच गावचे लोक काय काय म्हणतील ते मी लिहीत नाही.

कागद सोबत परत पाठवतो. नवा अर्ज मात्र मी करून ठेवला आहे. तो पाहिजे तर फाडा.

मोरोपंत


टाकळी, वैशाख शुद्ध षष्ठी

मोरूले गोदा आत्याचा आशीर्वाद.

हे पत्र लग्नाले आलेल्या भटजीकडून लिवून घेऊन राह्यली. मी बोलतो तसंच लिवा म्हनलं त्याले, सुधरवू नका. तो उद्या अचलपूरले चालला, तिथून टाकीन म्हन्ते. खुशालले सांगू नोको.

तुह्यं पत्र आलं तवा त्यानं ते दोन दिवस बंडीच्या खिशात ठेवलं. मंग मले म्हने, "आत्या, मोरोपंत मले फसवून राह्यला. माह्या तोंडून खोटेपना कबूल करून घेईन, अन् मंग कंपनी मले तुरुंगात टाकीन." मी म्हनलं, "अरे, त्यात खोटं काय हाये?" तं उठून गेला.

तुले खरं सांगतो. मी तवा सात-आठ वर्साची असन. माह्या मायनं हातावर पानी घेतलं, तुह्या बापानं मंतर म्हनले, अन् तिनं ते पानी सोडलं. सगळ्या जिवायसाठी, असं तुह्या बापानं आमाले समजेल अशा बोलीत सांगतलं. पयले गाईले पाजलं. मंग गावाले. खुशालले हे म्याच सांगतलं होतं, सही केली त्या दिवशी. तो म्हने, जुन्या गोष्टी कोन इचारते.

आता आइक. फाटकाले कुलूप हाये, पन मांगून एक लहान दार हाये. त्याची चाबी खुशालपाशी हाये. कंपनीनं पंच म्हनून देल्ली. अंधार पडला का आमच्या घरात दोन घागरी येते. गावाले वाटते पाटलाच्या घरीबी पूर्नेचंच पानी हाये.

मी ते पीत नाई. आमच्या परसातली खारी इहीर हाये, तिचं पीतो. अखजीच्या सणाले मायच्या नावाची घागर भरली तेबी खाऱ्याच पान्यानं. तिनं सोडून देल्लं पानी चोरून आनून तिच्याच म्होरं कसं ठेवू? खुशालची बायको रडली.

पाय सुजले हायेत. तोंडबी सुजते सकाळी. वैद्य म्हन्ते गोडं पानी प्या. त्याले काय सांगू?

खुशालवर रागावू नोको. तो वाईट नाई, भेतो. लहानपनीबी अंधारात गेला का पयले दुसऱ्यालेच इचारे, तू भेला का म्हनून.

गोदाबाई


अकोला, वैशाख वद्य चतुर्थी, शके १७८६

राजमान्य खुशालराव पाटील यांस मोरोपंताचा नमस्कार.

अर्ज फाडा म्हणून तुमचे पत्र आले नाही, म्हणून तो दाखल केला. गावातल्या नत्थुजी आणि इतर चौघांनी अंगठे दिले आहेत. सुनावणी वद्य त्रयोदशीस अमरावतीस आहे. तुम्ही आलात तर दावा उभा राहील. न आलात तर साहेब तुमची सही पाहतील आणि पुढचे पान उलटतील.

मी यापुढे लिहिणार नाही. तुम्हाला पटवण्यासाठी जे जे लिहितो त्यातून तुम्हाला नवा संशय येतो, तेव्हा न लिहिणे बरे. गोदाबाईंच्या पायांची सूज उतरली का, तेवढे मात्र कळवा.

मोरोपंत


टाकळी, ज्येष्ठ शुद्ध चतुर्थी, शके १७८६

राजश्री मोरोपंत यांस खुशालरावाचा रामराम.

आत्याचे पाय सुजले आहेत हे तुम्हाला अकोल्यात बसून कसे कळले, यावर तुमचे पत्र आल्यापासून माझे डोके चालले होते. वैद्याला विचारले, त्याने तुमचे नावही ऐकलेले नव्हते. महादेवरावांवर संशय आला, मग नत्थुजीवर. शेवटी बायकोला दरडावले तेव्हा आत्याच आतून म्हणाली, "तिले काहून बोलतं? म्याच लिवून घेतलं." मी म्हणालो, मला का नाही सांगितले. ती म्हणाली, "तुले काय सांगू? तू तं माह्या तोंडाकडंबी असा पाह्यतं, का मी कंपनीची हाओ."

मोरोपंत, हे मला लागले. त्या दिवशी तिचा चेहरा मी खरोखर नीट पाहिला. डोळ्यांखाली पिशव्या आल्या होत्या, पायाला बोट लावले तर खड्डा तसाच राहत होता. माझ्या घरात दोन घागरी गोडे पाणी येत होते आणि जिने मला वाढवले ती परसातले खारे पाणी पीत होती. मला रडू आले. त्या वेळी कोणी पाहिले नाही, आता तुम्हाला सांगतो.

कचेरीत काय झाले ते तुमच्यासमोर झाले. साहेबांनी विचारले, विहीर कोणाची. मी सांगितले, की माझ्या आजीने ती सोडून दिली तेव्हापासून कोणाचीच नाही, मला ती द्यायचा अधिकार नव्हता, आणि हे मला सही करतानाही माहीत होते. शेवटचे वाक्य तुम्ही पढवलेले नव्हते, म्हणून तुमचा चेहरा उतरला, तेही पाहिले. मागच्या दाराची चावी मी टेबलावर ठेवली तेव्हा महादेवराव खाली पाहत होते. कंपनीचा वकील फसवणूक, फसवणूक म्हणून ओरडला. साहेब म्हणाले, गावाचे पाणी घेण्याआधी गावाला विचारायला कंपनीला कोणी मना केले होते का? त्या एका वाक्यावर मी सुटलो. तुरुंगाच्या तयारीने पांघरूण गाडीत ठेवले होते.

तुम्ही अकोल्याला गेल्यावरचे लिहितो. कुंपण निघाले. कंपनी यंत्र उपसून आगगाडीच्या सडकेकडे नेणार आहे. गावातले काही लोक त्याबद्दल मला शिव्या देतात, बाकीचे सहीबद्दल देतात. माझ्याशी सरळ कोणी बोलत नाही. मी दिसलो की पारावरचे बोलणे थांबते. आजवर मी सगळ्यांकडे जसा पाहत आलो तसे आता सगळे माझ्याकडे पाहतात. फार वाईट असते हो ते.

विहिरीवर पहिल्या दिवशी गर्दी झाली. पुंजाराम नेहमीसारखा लांब उभा होता. मला म्हणाला, "पाटील, कचेरीत सगळ्या जिवायची म्हनून सांगतलं म्हन्ते तुमी. पन आमी तं उभं तिथंच हावो." याचे उत्तर तुमच्या शास्त्रात असले तर कळवा.

फी किती ते लिहा. कमी लिहिलीत तर कमी का, म्हणून मला संशय येईल, तेव्हा बरोबर लिहा. तुमच्यावर माझा पुरता विश्वास बसला असेही समजू नका. सवय एका दिवसात जात नाही.

आता आत्याचे. विहीर मोकळी झाली त्याच पहिल्या दिवशी मी स्वतः घागर घेऊन विहिरीवर गेलो. आमच्या घराण्यात बाप्या माणसाने पाणी भरल्याचे कोणी पाहिले नाही. बायांनी आधी वाट करून दिली. मी म्हणालो, नको, पाळीने भरीन. मग त्यांनी पदरात तोंड लपवून हसून घेतले आणि पार्बताबाईने मला तिच्या मागे उभे केले. ऊन चढले होते. माझी पाळी आली तेव्हा रहाट ओढताना पहिली घागर अर्धी सांडली.

घरी येऊन पेला भरला आणि आत्यापुढे धरला. तिने घेतला नाही. विचारले, "मांगच्या दारातून आनलं?"

मी म्हणालो, "नाही. रांगेतून."

"कोनाच्या मांगं होता?"

"पार्बताबाईच्या."

तिने माझ्या भिजलेल्या धोतराकडे पाहिले. मग पेला घेतला आणि उभ्याउभ्याच सगळा प्यायली. पेला परत माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "आनखीन दे."

खुशालराव